रूट रिफ्लेक्टर: मोठ्या नेटवर्कमध्ये आयबीजीपी मांडताना

आयबीजीपी म्हणजे एकाच एएसमधल्या (एका संस्थेच्या ताब्यातल्या नेटवर्कमधल्या) राउटरनी बीजीपीने एकमेकांना रूट, म्हणजे पोचण्याच्या वाटा, सांगणं. नेटवर्कमध्ये चार-पाच राउटर असतात तोवर ते कुणाला जड जात नाही. प्रत्येकाचं प्रत्येकाशी सेशन जोडलं की काम झालं, यालाच फुल मेश म्हणतात. राउटर वाढू लागले की मात्र हिशेब हाताबाहेर जातो: १० राउटरना ४५ सेशन, ५० राउटरना १,२२५, १०० राउटरना ४,९५०. शिवाय नवा राउटर आला की जुन्या प्रत्येक राउटरच्या कन्फिगला हात लावायचा. त्यात एका राउटरवर नवी ओळ टाकायची राहून गेली, तर त्या दोघांमध्ये रूट जात नाहीत, आणि ते लगेच लक्षात येईलच असं नाही. एखाद्या कोपऱ्यातल्या ग्राहकाची तक्रार येते तेव्हा कळतं.

यावरचा रुळलेला उपाय म्हणजे रूट रिफ्लेक्टर, एका राउटरकडून आलेले रूट इतरांना वाटणारा राउटर. १९९६ साली आरएफसी १९६६ मध्ये तो पहिल्यांदा मांडला गेला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज). आज ज्याला प्रमाण मानतात तो आरएफसी ४४५६, २००६ सालचा. कॉन्फेडरेशन नावाचा दुसरा मार्गही आहे. त्यात मोठ्या एएसचे आतल्या आत छोटे एएस करायचे असतात. पण चालू नेटवर्कमध्ये तो आणणं फार खर्चिक पडतं, म्हणून इथे त्याचा विचार नाही.

ईबीजीपी (वेगवेगळ्या एएसमधलं बीजीपी) सेशन उभं करता येतं, ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस (नेटवर्कच्या आतल्या वाटा शोधणारे प्रोटोकॉल, म्हणजेच आयजीपी) रोज हाताळता, पण रिफ्लेक्टर अजून बसवलेला नाही, अशा वाचकासाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. रिफ्लेक्टरची कन्फिग एका ओळीची आहे, अवघड ती नाही. रिफ्लेक्टर स्वतःच्या जागेवरून पाहून एक बेस्ट पाथ निवडतो आणि इतरांना तेवढाच देतो. बाकीचे पाथ त्याच्यापाशीच राहतात. पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण इथूनच निघते.

## मुळात फुल मेश का लागतो

ईबीजीपीमध्ये लूप ओळखायला एएस-पाथ, म्हणजे रूट ज्या एएसमधून आला त्यांच्या नंबरांची यादी, असतो. रूटच्या एएस-पाथमध्ये आपलाच नंबर दिसला की राउटर तो रूट टाकून देतो. एकाच एएसच्या आत मात्र एएस-पाथ बदलत नाही, त्यामुळे आत फिरणारा रूट परत आपल्याकडेच आला तर ओळखणार कसा? म्हणून आयबीजीपीचा कडक नियम आहे: एका आयबीजीपी पीअरकडून (सेशन जोडलेल्या राउटरकडून) शिकलेला रूट दुसऱ्या आयबीजीपी पीअरला द्यायचा नाही. या नियमामुळेच प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट बोलावं लागतं.

रिफ्लेक्टर हा नियम शिथिल करतो, पण मोकाट सोडत नाही. त्याच्या दृष्टीने आयबीजीपी पीअर दोन प्रकारचे: क्लायंट (ज्यांना त्याच्या कन्फिगमध्ये तसं नोंदलेलं असतं) आणि बाकीचे नॉन-क्लायंट. क्लायंटकडून आलेला रूट तो इतर सगळ्यांना देतो, क्लायंटनाही आणि नॉन-क्लायंटनाही. नॉन-क्लायंटकडून आलेला रूट फक्त क्लायंटना देतो. ईबीजीपीवरून आलेला रूट सगळ्यांना. एवढेच तीन नियम आहेत आणि ते पाठ असलेले बरे, कारण 'हा रूट तिकडे का पोचला नाही' या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच असतं.

लूप होऊ नये म्हणून रिफ्लेक्टर रूटला दोन खुणा लावतो. ओरिजिनेटर-आयडी म्हणजे हा रूट आपल्या एएसमध्ये ज्या राउटरने आणला त्याचा राउटर-आयडी. क्लस्टर-लिस्ट म्हणजे रूट ज्या ज्या रिफ्लेक्टरमधून गेला त्यांच्या क्लस्टर-आयडींची यादी (क्लस्टर म्हणजे रिफ्लेक्टर आणि त्याचे क्लायंट). ओरिजिनेटर-आयडीमध्ये स्वतःचा आयडी दिसला की राउटर रूट नाकारतो. क्लस्टर-लिस्टमध्ये स्वतःचा क्लस्टर-आयडी दिसला की रिफ्लेक्टर नाकारतो. क्लायंटला यातलं काहीच कन्फिगर करावं लागत नाही. आपण क्लायंट आहोत हे त्याला माहीतही नसतं.

## कन्फिगच्या आधी कागदावर

रिफ्लेक्टर किती आणि कुठे, हे आधी ठरवा. एकच रिफ्लेक्टर ठेवू नका. तो पडला की सगळ्या क्लायंटचे सगळे आयबीजीपी रूट एकदम जातात. दोन ही किमान संख्या, आणि तेही एकाच खोलीत, एकाच वीजपुरवठ्यावर नकोत. दोन रिफ्लेक्टर आणि ९८ क्लायंट असं धरलं तर सेशन होतात १९७. फुल मेशच्या ४,९५० शी तुलना केली की फायदा कळतो. नवा राउटर आला तर आता तीनच ठिकाणी हात लावायचा: तो स्वतः आणि दोन रिफ्लेक्टर.

रिफ्लेक्टर ट्रॅफिकच्या वाटेत असावा की बाजूला? दोन्ही चालतं. मोठ्या नेटवर्कमध्ये मी बाजूला ठेवण्याच्या बाजूने आहे: एखाद्या सर्व्हरवर व्हर्च्युअल राउटर, ज्यातून ग्राहकाचं एकही पॅकेट जात नाही, फक्त बीजीपी चालतं. त्याला वेगवान पोर्ट लागत नाहीत, भरपूर मेमरी आणि चांगला प्रोसेसर लागतो. असा रिफ्लेक्टर आयएस-आयएसमध्ये ओव्हरलोड बिट लावून किंवा ओएसपीएफमध्ये कमाल मेट्रिक लावून ठेवावा, म्हणजे चुकूनसुद्धा ट्रॅफिक त्याच्यातून वाट काढणार नाही. त्याच्या लूपबॅकपर्यंत (कुठल्याही एका लिंकवर न अवलंबणाऱ्या त्याच्या स्वतःच्या पत्त्यापर्यंत) पोचता येतंच, त्यात खंड पडत नाही.

राउटर-आयडींची यादी आत्ताच तपासा. प्रत्येक राउटरचा आयडी वेगळा हवा आणि तो हाताने दिलेला हवा. हे साधं वाटतं, पण का महत्त्वाचं ते नीट समजून घ्या. समजा, एका राउटरची कन्फिग दुसऱ्यावर जशीच्या तशी चढवली आणि राउटर-आयडी बदलायचा राहिला. फुल मेशमध्ये या दोघांचं थेट सेशन उभंच राहत नाही, दोन्ही टोकांना एकच आयडी दिसल्याने सेशनच्या सुरुवातीचा ओपन मेसेजच फेटाळला जातो आणि चूक तिथेच उघडी पडते. रिफ्लेक्टर आल्यावर हे दोघे एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. दोघांची रिफ्लेक्टरशी सेशन छान अप असतात. पण एकाचा रूट दुसऱ्याकडे पोचतो तेव्हा ओरिजिनेटर-आयडीमध्ये दुसऱ्याला आपलाच आयडी दिसतो आणि तो रूट गुपचूप टाकून देतो. बाकी सगळं नेटवर्क व्यवस्थित चालतं, फक्त या दोघांमध्ये रूट जात नाहीत. असा दोष शोधण्यात अख्खी रात्र जाऊ शकते. यादी तपासायला त्या मानाने काहीच वेळ लागत नाही.

## मूळ कन्फिग

उदाहरणासाठी एएस ६४४९६ घेऊ. हा नंबर दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, पुढचे पत्तेही तसेच. दोन रिफ्लेक्टर: १९२.०.२.१ आणि १९२.०.२.२. क्लायंट १९२.०.२.११ पासून पुढे. हे सगळे लूपबॅकचे पत्ते आहेत आणि ओएसपीएफ किंवा आयएस-आयएसमधून सगळीकडे पोचलेले आहेत. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, राउटरवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. मांडणी सिस्को आयओएसची आहे. एफआरआर या मुक्त राउटिंग सॉफ्टवेअरमध्येही जवळपास हीच चालते, फक्त लूपबॅकचं नाव वेगळं असतं.

पहिल्या रिफ्लेक्टरवर:

राउटर बीजीपी ६४४९६
बीजीपी राउटर-आयडी १९२.०.२.१
नेबर १९२.०.२.२ रिमोट-एएस ६४४९६
नेबर १९२.०.२.२ अपडेट-सोर्स लूपबॅक०
नेबर १९२.०.२.११ रिमोट-एएस ६४४९६
नेबर १९२.०.२.११ अपडेट-सोर्स लूपबॅक०
अ‍ॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ युनिकास्ट
नेबर १९२.०.२.२ अ‍ॅक्टिव्हेट
नेबर १९२.०.२.११ अ‍ॅक्टिव्हेट
नेबर १९२.०.२.११ रूट-रिफ्लेक्टर-क्लायंट

शेवटची ओळ हाच सगळा खेळ. दुसरा रिफ्लेक्टर १९२.०.२.२ हा क्लायंट नाही, साधा आयबीजीपी पीअर आहे. क्लायंटच्या बाजूला दोन्ही रिफ्लेक्टरशी साधी आयबीजीपी सेशन लावायची, रिफ्लेक्टरचा उल्लेखही नाही.

प्रत्यक्षात क्लायंटच्या ओळी एकेक लिहीत बसू नका, पीअर-ग्रुप करा. सोय तर आहेच, पण दुसरंही कारण आहे. ज्या क्लायंटची बाहेर जाणारी पॉलिसी एकसारखी असते त्यांच्यासाठी राउटर अपडेट एकदाच तयार करतो आणि सगळ्यांना पाठवतो. कुणा एका क्लायंटसाठी वेगळा फिल्टर लावलात की त्याच्यासाठी वेगळं काम. शंभर क्लायंट आणि पूर्ण इंटरनेट टेबल असेल तर हा फरक प्रोसेसरवर स्पष्ट दिसतो.

'रूट-रिफ्लेक्टर-क्लायंट' ही ओळ प्रत्येक अ‍ॅड्रेस-फॅमिलीत वेगळी द्यावी लागते. आयपीव्ही४ मध्ये दिली आणि आयपीव्ही६ मध्ये राहिली, तर आयपीव्ही६ चं सेशन अप राहतं, रूट रिफ्लेक्टरपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. व्हीपीएनव्ही४ चंही (व्हीपीएनच्या आयपीव्ही४ रूटचंही) तेच.

जुनोसमध्ये (जुनिपरच्या राउटरांच्या सॉफ्टवेअरमध्ये) पद्धत वेगळी आहे. तिथे बीजीपी ग्रुपला 'क्लस्टर' ही ओळ आणि एक आयडी दिला की त्या ग्रुपमधले सगळे नेबर क्लायंट होतात. त्यामुळे दुसरा रिफ्लेक्टर त्याच ग्रुपमध्ये ठेवला तर तोही क्लायंट ठरतो. त्याच्यासाठी 'क्लस्टर' नसलेला वेगळा ग्रुप करायचा. बर्ड या मुक्त राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये संबंधित प्रोटोकॉलमध्ये 'आरआर क्लायंट' लिहिलं की झालं.

## नेक्स्ट हॉप: नव्याने येणारा प्रत्येकजण इथे अडतो

रिफ्लेक्टर रूट पुढे देताना नेक्स्ट हॉप (पॅकेट ज्या राउटरकडे द्यायचं त्याचा पत्ता) बदलत नाही, आणि बदलूही नये. बॉर्डर राउटर १९२.०.२.११ ला ईबीजीपीवरून २०३.०.११३.०/२४ मिळाला, नेक्स्ट हॉप १९८.५१.१००.१, म्हणजे लिंकच्या पलीकडचा परका राउटर. हा रूट रिफ्लेक्टरमधून आतल्या राउटरकडे गेला तरी नेक्स्ट हॉप १९८.५१.१००.१ च राहतो. आतल्या राउटरला त्या लिंकचा पत्ता माहीत नसेल तर रूट टेबलमध्ये दिसतो, पण वापरला जात नाही. त्याच्यापुढे 'इनअ‍ॅक्सेसिबल' लिहून येतं. खुद्द रिफ्लेक्टरलाच तो पत्ता माहीत नसेल तर अजून वाईट: तो रूट त्याचा बेस्ट होत नाही आणि कुणालाच पुढे जात नाही.

उपाय बॉर्डर राउटरवर करायचा. तिथे रिफ्लेक्टरकडच्या दोन्ही नेबरना 'नेक्स्ट-हॉप-सेल्फ' लावा. मग रूट बाहेर पडतानाच नेक्स्ट हॉप १९२.०.२.११ होतो, आणि हा लूपबॅक सगळ्यांना माहीत असतो.

हीच ओळ रिफ्लेक्टरवर लावायचा मोह होतो. कुणी म्हणेल, एका जागी लावली की शंभर ठिकाणचं काम वाचेल. तसं करू नका. आयओएसवर साधं 'नेक्स्ट-हॉप-सेल्फ' रिफ्लेक्ट होणाऱ्या रूटना लागूच होत नाही, त्यामुळे गैरसमज होतो की काम झालं. आयओएसमध्ये पुढे 'ऑल' किंवा एफआरआरमध्ये 'फोर्स' जोडलं, किंवा जुनोसमध्ये क्लस्टरच्या ग्रुपला सरसकट नेक्स्ट-हॉप-सेल्फची एक्सपोर्ट पॉलिसी लावली, की रिफ्लेक्ट झालेल्या रूटचाही नेक्स्ट हॉप बदलतो. सगळं नेटवर्क मग आपलं ट्रॅफिक रिफ्लेक्टरकडे पाठवू लागतं. बाजूला ठेवलेल्या त्या व्हर्च्युअल राउटरवर ते सगळं आदळलं की काय होईल ते सांगायला नको.

नेक्स्ट हॉपप्रमाणेच लोकल-प्रेफरन्स (आपल्या एएसने रूटला दिलेली पसंती), एमईडी (शेजारी एएसने सुचवलेली पसंती) आणि एएस-पाथ यांनाही रिफ्लेक्टरवर हात लावू नये. आरएफसी ४४५६ तेच सांगतो. पॉलिसी सगळी बॉर्डर राउटरवर.

व्हीपीएन रूट वाहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. जुनोसवर असा रिफ्लेक्टर एमपीएलएस (पॅकेट लेबल लावून नेण्याची पद्धत) न चालवता बाजूला ठेवला तर व्हीपीएनचे रूट 'हिडन' दिसतात, कारण जुनोस त्यांचा नेक्स्ट हॉप लेबलवाल्या टेबलमध्ये शोधतो आणि ते टेबल रिकामं असतं. रिझोल्यूशनसाठी नेहमीचं युनिकास्ट टेबल वापरायला सांगितलं की प्रश्न सुटतो.

## क्लस्टर-आयडी: एकच की वेगवेगळा

दोन रिफ्लेक्टरना एकच क्लस्टर-आयडी द्यावा की प्रत्येकाला आपापला, यावर मतं विभागलेली आहेत. माझं मत ठाम आहे: वेगवेगळा ठेवा. आयओएसवर काहीच दिलं नाही तर राउटर-आयडी हाच क्लस्टर-आयडी धरला जातो, तो तसाच राहू द्या.

कारण एका प्रसंगात दिसतं. क्लायंट क आणि क्लायंट ख, दोघांची दोन्ही रिफ्लेक्टरशी सेशन आहेत. एके दिवशी क चं दुसऱ्या रिफ्लेक्टरशी सेशन पडलं आणि ख चं पहिल्याशी. म्हणजे क फक्त पहिल्याला जोडलेला, ख फक्त दुसऱ्याला. क चा रूट पहिल्या रिफ्लेक्टरकडे आला, त्याने तो दुसऱ्याला दिला. दोघांचा क्लस्टर-आयडी एकच असेल तर दुसऱ्याला क्लस्टर-लिस्टमध्ये आपलाच आयडी दिसतो आणि तो रूट नाकारतो. ख ला क चा रूट कधीच मिळत नाही, मधल्या लिंक सगळ्या चालू असूनही. आयडी वेगवेगळे असते तर रूट सहज पोचला असता.

एकच आयडी ठेवण्याचा फायदा मेमरीचा: रिफ्लेक्टर एकमेकांचे रूट साठवत नाहीत. एकेकाळी हे वजनदार कारण होतं. आज पूर्ण आयपीव्ही४ टेबल ९ लाख रूटच्या पुढे गेलेलं असूनही, सर्व्हरवरच्या रिफ्लेक्टरला मेमरी देणं ही अडचण उरलेली नाही.

## रिफ्लेक्टर काय लपवतो

आता सगळ्यात महत्त्वाच्या भागाकडे. तुमच्या नेटवर्कला बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत, पूर्वेला एक बॉर्डर राउटर आणि पश्चिमेला एक. दोघांकडे २०३.०.११३.०/२४ साठी सारख्याच तोलाचे रूट आहेत: लोकल-प्रेफरन्स सारखा, एएस-पाथची लांबी सारखी. फुल मेशमध्ये प्रत्येक आतला राउटर दोन्ही रूट पाहतो आणि आयजीपीच्या हिशेबाने आपल्याला जवळचा निवडतो. पश्चिमेचा राउटर पश्चिमेतून बाहेर पडतो.

रिफ्लेक्टर पूर्वेला ठेवलात तर काय होतं? त्याला पूर्वेची वाट जवळची, म्हणून तोच त्याचा बेस्ट पाथ, आणि पश्चिमेच्या क्लायंटनाही तो तेवढाच देतो. पश्चिमेच्या राउटरला शेजारची वाट आहे हे कळतच नाही. त्याचं ट्रॅफिक सगळं नेटवर्क ओलांडून पूर्वेला जातं. कुठेही अलार्म वाजत नाही, सेशन सगळी अप असतात. फक्त लेटन्सी वाढते आणि मधल्या लिंक भरतात.

यावर पहिला आणि माझ्या मते सर्वांत समजूतदार उपाय म्हणजे रिफ्लेक्टर भागवार ठेवणं. पूर्वेच्या क्लायंटना पूर्वेची जोडी, पश्चिमेच्यांना पश्चिमेची, आणि या रिफ्लेक्टरांचा आपसात फुल मेश. दुसरा उपाय अ‍ॅड-पाथ, आरएफसी ७९११, २०१६ सालचा. यात रिफ्लेक्टर एका प्रीफिक्ससाठी (२०३.०.११३.०/२४ सारख्या पत्त्यांच्या गटासाठी) एकाहून जास्त पाथ पाठवतो आणि निवड क्लायंट करतो. ते दोन्ही टोकांना चालू असावं लागतं, सेशन उभं राहतानाच ठरतं, आणि क्लायंटच्या मेमरीवर त्याचा भार पडतो. जुन्या बॉक्सना पूर्ण टेबलच्या दुप्पट पाथ देण्याआधी त्यांची क्षमता बघा. तिसरा उपाय ऑप्टिमल रूट रिफ्लेक्शन, आरएफसी ९१०७, २०२१ सालचा: रिफ्लेक्टर स्वतःच्या नव्हे तर क्लायंटच्या जागेवरून आयजीपीचं अंतर मोजतो. बाजूला ठेवलेल्या रिफ्लेक्टरसाठी ही चांगली सोय आहे, पण तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे का ते आधी पाहा.

पर्यायी पाथ लपण्याचा दुसरा तोटा लिंक तुटल्यावर जाणवतो. क्लायंटकडे एकच पाथ असतो. तो गेला की बातमी बॉर्डरकडून रिफ्लेक्टरकडे, तिथे नवी निवड, मग क्लायंटकडे, असा सगळा फेरा व्हावा लागतो. बॉर्डर राउटरला दुसऱ्या बॉर्डरचा रूट जास्त लोकल-प्रेफरन्समुळे बेस्ट वाटत असेल, तर तो स्वतःचा बाहेरचा रूट रिफ्लेक्टरला सांगतच नाही. 'बेस्ट-एक्स्टर्नल' चालू केलं तर तो सांगतो.

## सेशन कुणाशी जोडायचं यावर लूप ठरतो

एमपीएलएस नसलेल्या नेटवर्कमध्ये हा भाग वगळू नका. चार राउटर एका रांगेत आहेत असं समजा: रिफ्लेक्टर एक, मग क्लायंट ख, मग क्लायंट क, मग रिफ्लेक्टर दोन. दोन्ही रिफ्लेक्टरना स्वतःची बाहेरची वाट आहे. आता क चं सेशन फक्त रिफ्लेक्टर एकशी आणि ख चं फक्त रिफ्लेक्टर दोनशी जोडलं, म्हणजे दोघेही लांबच्या रिफ्लेक्टरचे क्लायंट. क ला वाटतं बाहेर जायचं तर रिफ्लेक्टर एककडे, आणि तिकडची वाट ख मधून जाते. पॅकेट ख कडे पोचतं. ख ला वाटतं बाहेर जायचं तर रिफ्लेक्टर दोनकडे, आणि ती वाट क मधून. पॅकेट परत क कडे. टीटीएल (पॅकेटला दिलेली टप्प्यांची मर्यादा) संपेपर्यंत ते या दोघांमध्ये फिरत राहतं. बीजीपीच्या दृष्टीने कुठेच लूप नाही, म्हणून ओरिजिनेटर-आयडी आणि क्लस्टर-लिस्ट इथे काहीच मदत करत नाहीत.

म्हणून साधा दंडक: रिफ्लेक्टरचं जाळं लिंकच्या जाळ्याला धरून असावं. क्लायंटने आपल्याजवळच्या रिफ्लेक्टरचा क्लायंट व्हावं, दुसऱ्याच्या पलीकडे उडी मारू नये. एमपीएलएस असेल तर मधले राउटर पॅकेटचा आयपी पत्ता बघत नाहीत, लेबल बघून ते थेट ठरलेल्या बाहेरच्या राउटरपर्यंत नेतात, आणि हा धोका राहत नाही.

## चालू फुल मेशवरून रिफ्लेक्टरवर येताना

इथे घाई नको. आधी प्रत्येक राउटरवरची रूटची संख्या आणि निवडक वीस-पंचवीस प्रीफिक्सचे बेस्ट नेक्स्ट हॉप फाइलमध्ये उतरवून ठेवा. नंतर तुलनेला दुसरं काही हाती नसतं.

मग मेश तसाच ठेवून रिफ्लेक्टर उभे करा आणि त्यांची सेशन लावा. एखाद्या जुन्याच राउटरला रिफ्लेक्टर करणार असाल तर लक्षात ठेवा: चालू नेबरला 'रूट-रिफ्लेक्टर-क्लायंट' लावलं की आयओएसवर ते सेशन रीसेट होतं. हे काम मेंटेनन्स विंडोमध्येच.

आता प्रत्येक राउटरकडे एकच रूट दोन-तीनदा येतो: थेट मेशमधून आणि रिफ्लेक्टरमधून. घाबरू नका, ट्रॅफिक हलत नाही. नेक्स्ट हॉप तोच, आयजीपीचं अंतर तेच. राउटर-आयडीची तुलना होते तिथे रिफ्लेक्ट झालेल्या रूटचा ओरिजिनेटर-आयडी धरला जातो, म्हणून तिथेही बरोबरी. पुढची पायरी क्लस्टर-लिस्टची लांबी. थेट आलेल्या रूटला ती नसतेच, त्यामुळे थेट रूट जिंकतो. मेश असेपर्यंत रिफ्लेक्टरचे रूट राखीव बसून राहतात, आणि तुम्हाला ते निवांत तपासता येतात.

तपासायचं कसं? क्लायंटवर 'शो आयपी बीजीपी २०३.०.११३.०' द्या. रिफ्लेक्टरकडून आलेल्या पाथखाली अशा अर्थाची ओळ दिसायला हवी:

ओरिजिनेटर: १९२.०.२.११, क्लस्टर लिस्ट: १९२.०.२.१

दोन्ही रिफ्लेक्टरकडून एकेक असे दोन पाथ दिसले पाहिजेत. रिफ्लेक्टरवर हीच आज्ञा दिली तर पाथसमोर 'रिसिव्हड फ्रॉम अ आरआर-क्लायंट' असं दिसतं. ते दिसत नसेल तर क्लायंटची ओळ राहिली आहे किंवा चुकीच्या अ‍ॅड्रेस-फॅमिलीत पडली आहे.

सगळीकडे असं दिसलं की मगच मेश सोडायला घ्या. कमी महत्त्वाचा राउटर आधी, त्याची इतर क्लायंटशी असलेली सेशन शट करा, पण कन्फिग लगेच पुसू नका. उतरवून ठेवलेल्या यादीशी रूटची संख्या आणि नेक्स्ट हॉप ताडून पाहा. रूटची संख्या जुळली पण काही नेक्स्ट हॉप बदलले, तर पूर्व-पश्चिमवाला प्रश्न आलाय असं समजा आणि पुढे जाऊ नका. जुळलं तर पुढचा राउटर. दोन-चार दिवस सगळं स्थिर राहिलं की शट केलेली सेशन काढून टाका.

## काही बिघडलंच तर

सेशन अप होतं आणि काही वेळाने पडतं, परत अप, परत पडतं. आयओएसच्या मूळ होल्ड-टाइमवर (पलीकडून काहीच न आल्यास सेशन तोडण्याची मुदत), म्हणजे १८० सेकंदांवर हे घडत असेल तर पहिला संशय एमटीयूवर (लिंकवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकारावर) घ्या. ओपन आणि कीपअलाइव्ह लहान पॅकेट, ती आरामात जातात. रिफ्लेक्टर पूर्ण टेबल पाठवू लागतो तेव्हा मोठी पॅकेट निघतात आणि मधल्या एखाद्या लिंकचा एमटीयू लहान असेल तर तिथे गळतात. टीसीपी क्रमाने चालतं, त्यामुळे मागचे कीपअलाइव्हसुद्धा अडकून पडतात आणि होल्ड-टाइमर संपतो. लूपबॅक ते लूपबॅक, तुकडे करायला मनाई करणारा डीएफ बिट लावून मोठ्या आकाराचा पिंग द्या, लगेच कळेल.

एखादा रूट रिफ्लेक्टरवर आहे पण क्लायंटकडे नाही: रूट रिफ्लेक्टरचा बेस्ट आहे का, तो नॉन-क्लायंटकडून आला आहे का आणि ज्याच्याकडे जायला हवा तो क्लायंट म्हणून नोंदला आहे का, या क्रमाने पाहा. तिन्ही ठीक असतील तर राउटर-आयडीची यादी पुन्हा उघडा.

एखादा प्रीफिक्स सतत दोन पाथांमध्ये हेलकावे खातो आहे: एमईडी बघा. वेगवेगळ्या शेजारी एएसकडून आलेल्या रूटचा एमईडी एकमेकांशी ताडला जात नाही, आणि रिफ्लेक्टर काही पाथ लपवतो. या दोन्हीच्या संयोगाने निवड कधीच स्थिरावत नाही अशी स्थिती येऊ शकते. आरएफसी ३३४५ मध्ये तिचं सविस्तर वर्णन आहे. बॉर्डरवर येणाऱ्या रूटचा एमईडी शून्य करणं हा सोपा इलाज, तुम्हाला एमईडीची खरोखर गरज नसेल तर.

रिफ्लेक्टरचं सॉफ्टवेअर बदलायचं असेल तेव्हा एका वेळी एकच. पहिला परत वर आला की त्याची सेशन अप दिसली म्हणून लगेच दुसऱ्याला हात लावू नका. 'शो आयपी बीजीपी समरी' मध्ये प्रत्येक क्लायंटसमोरची मिळालेल्या प्रीफिक्सची संख्या आधीइतकी झाली आहे आणि आउट-क्यू (पाठवायच्या राहिलेल्या मेसेजची रांग) शून्यावर आली आहे, हे बघा. मगच दुसरा.